वाटाघाटी आणि लवाद

दोन पक्षांमध्ये कलह उद्भवला म्हणजे तो शांततेने मिटविण्याचे दोन मार्ग त्यांच्यापुढे असतात. वाटाघाटींमध्ये निर्णय त्यांच्याच हाती राहतो. न पटणारी अट मान्य करण्याचे बंधन कोणावरही नसते. लवादामध्ये मात्र उभय पक्ष एखाद्या तिऱ्हाइतावर निर्णय सोपवितात आणि तो आपल्याविरुद्ध गेला तरी पाळण्याचे आधीच कबूल करतात. लवादाचे सारे बळ या पूर्वसंमतीत असते.

हे दोन मार्ग परस्परांना कसे पूरक ठरतात, हे अहमदाबादच्या 1918 मधील गिरणी तंट्यावरून दिसून येते. 1917 साली शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी त्यांना बोनस दिला. साथ ओसरल्यावर तो बंद करण्यात आला. परंतु महायुद्धामुळे वाढलेली महागाई कायम होती. कामगारांनी मजुरीत 50 टक्के वाढ मागितली. मालक 20 टक्क्यांपलीकडे जाण्यास तयार नव्हते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींचे लवाद मंडळ नेमण्यात आले व जिल्हाधिकारी त्याचे सरपंच ठरले. मात्र काही गिरण्यांतील कामगारांनी निवाड्याची वाट न पाहता संप केला. करार मोडला, असे म्हणून मालकांनी अंग काढून घेतले आणि 22 फेब्रुवारीपासून टाळेबंदी सुरू झाली. आपल्याच माणसांना शब्दाने बांधून ठेवता आले नाही, तर लवाद उभा राहण्यापूर्वीच कोसळतो, तो असा.

कामगारांचे मार्गदर्शन करणाऱ्या गांधीजींनी सर्व बाजूंचा विचार करून 35 टक्के वाढ योग्य ठरविली आणि कामगारांनी तिच्यासाठी प्रतिज्ञा घेतली. त्यांचा धीर खचू लागताच 15 मार्च रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले. 18 मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी 35 टक्के, दुसऱ्या दिवशी 20 टक्के आणि त्यानंतर निवाडा होईपर्यंत 27.5 टक्के वाढ द्यावी, असे ठरले. पहिल्या दिवशी कामगारांची प्रतिज्ञा राखली गेली, दुसऱ्या दिवशी मालकांचा शब्द. वाटाघाटींनी अंतिम आकडा ठरविला नाही. तो कोणी ठरवावा आणि तोवर काय करावे, एवढेच ठरविले. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ऑगस्टमध्ये 35 टक्क्यांचा निवाडा दिला.

तथापि या यशातील उणीव गांधीजींनी स्वतःच मान्य केली होती. मालकांचा त्यांच्यावर स्नेह असल्यामुळे उपोषणाचे दडपण मालकांवर आले होते. दडपणाखाली दिलेली संमती ही मोकळी संमती नव्हे.

आज भारतात 1996 च्या लवाद व समेट कायद्यानुसार लवादाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो. परंतु कायदा निवाड्यालाच बळ देऊ शकतो. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी मात्र पक्षांनाच दाखवावी लागते.