एनक्लेक्समधील अपयश : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्याची सनद हवी असेल, तर एनक्लेक्स ही परीक्षा उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे. मुंबईतही तिचे केंद्र असल्यामुळे, येथील रुग्णालयांत रात्रपाळ्या करून फीची तजवीज करणाऱ्या अनेक मराठी परिचारिका तिला बसतात. आणि ज्यांच्या पदरी पहिल्या खेपेस अपयश येते, त्यांना त्या अपयशापेक्षाही त्याविषयीच्या ऐकीव गोष्टींचाच अधिक ताप होतो.

त्यांतील सर्वांत रूढ समज असा की, संगणक पंच्याऐंशीव्या प्रश्नावर थांबला तर उमेदवार हमखास उत्तीर्ण आणि प्रश्न दीडशेपर्यंत लांबले तर हमखास अनुत्तीर्ण. ही परीक्षा 1994 पासून संगणकावर होते, आणि तिची रचना अशी की, प्रत्येक उत्तरानंतर उमेदवाराच्या कुवतीचा नवा अंदाज बांधून, पुढचा प्रश्न त्याला बरोबर येण्याची व चुकण्याची शक्यता जवळजवळ सारखीच राहील असा निवडला जातो. त्यामुळे उत्तम तयारी असलेल्या उमेदवाराचीही बरीच उत्तरे चुकतात, आणि ‘पेपर फार अवघड गेला’ या भावनेवरून निकालाचे अनुमान काढणे व्यर्थ ठरते. उमेदवाराची कुवत ठरलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी 95 टक्के निश्चिती झाली की यंत्र थांबते. ती निश्चिती पंच्याऐंशीव्या प्रश्नालाच, कोणत्याही बाजूने होऊ शकते. प्रश्न दीडशेपर्यंत गेले, याचा अर्थ उमेदवार अखेरपर्यंत रेषेच्या निकट होता इतकाच, आणि तेथे अखेरचा अंदाज रेषेच्या वर असेल तर तो उत्तीर्णच होतो. अशा लांबलेल्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीला ‘तुला काहीच येत नव्हते’ असे सांगणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

ठरावीक टक्के उमेदवारांना मुद्दाम नापास केले जाते, हेही खरे नाही. रेषा आधीच ठरलेली असते. इतरांच्या गुणांशी तिचा संबंध नाही.

पुन्हा बसायचे म्हणजे केवळ नवी तारीख घ्यायची, असेही नाही. दोन परीक्षांत किमान 45 दिवसांचे अंतर हवे, संबंधित राज्याच्या मंडळाकडून परवानगी नव्याने मिळवावी लागते, आणि 200 डॉलर फी, तसेच अमेरिकेबाहेरील केंद्रासाठीचे 150 डॉलर, पुन्हा भरावे लागतात. या काळात अनुत्तीर्ण उमेदवाराला मिळणारा कामगिरीचा अहवाल पुष्कळजणी लज्जेपोटी उघडूनही पाहत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण औषधोपचार, संसर्गनियंत्रण, कामाची वाटणी अशा प्रत्येक विभागात आपण रेषेच्या वर, निकट की खाली होतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. तो बाजूस सारून सारा अभ्यास पहिल्या पानापासून समान जोराने उगाळणे म्हणजे दुखणे एका जागी असताना सर्वांगाला लेप लावण्यासारखे आहे. शिवाय एप्रिल 2023 पासून एकाच रुग्णाची हकीकत देऊन तीवर सहा प्रश्न विचारण्याची पद्धत आली असून, त्यांत अंशतः बरोबर उत्तरालाही गुण मिळतात. तेव्हा त्यापूर्वीच्या पुस्तकांवर विसंबणे धोक्याचे. दुसऱ्या खेपेस बसणाऱ्यांत उत्तीर्णांचे प्रमाण पहिल्या खेपेपेक्षा कमी असते, हे लपविण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच पंचेचाळिसाव्या दिवशीच बसण्याची घाई करण्यापेक्षा तयारीची खात्री करून तारीख घेणे मला इष्ट वाटते.

राहिला प्रश्न संधींचा. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या शिरस्त्याप्रमाणे वर्षातून आठ वेळा बसता येते, पण प्रत्येक राज्याच्या मंडळाला याहून कडक नियम करण्याची मुभा आहे. फ्लोरिडात लागोपाठ तीनदा अपयश आल्यास मान्यताप्राप्त उजळणीवर्ग पुरा केल्यावाचून चौथ्यांदा बसू देत नाहीत. त्यामुळे अर्ज ज्या राज्याकडे केला, तेथील नियम त्या मंडळाकडूनच लेखी समजून घ्यावेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीला मात्र या निकालाने यत्किंचितही बाध येत नाही, आणि येथील नोकरी पूर्ववत चालू ठेवता येते.