वायफाय कनेक्टेड, तरी नेट नाही? फॉरमॅट मारण्याआधी लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस बघा

लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसतो, सिग्नल फुल्ल, पासवर्डही बरोबर. पण खाली ‘नो इंटरनेट’. त्यात फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल तर घाम फुटतो. दुकानात नेलात तर ‘विंडोज नवीन टाकावी लागेल’ असंही ऐकायला मिळू शकतं. पण बऱ्याचदा लॅपटॉप धडधाकट असतो, त्याला फक्त पत्ता मिळालेला नसतो.

पत्ता म्हणजे काय?

वायफायला जोडणं म्हणजे सोसायटीच्या गेटमधून आत येणं. आयपी ॲड्रेस म्हणजे फ्लॅट नंबर. नंबरच नसेल तर पार्सल कुठे द्यायचं? हा नंबर राउटर वाटतो आणि त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. लॅपटॉप विचारतो ‘कुणी पत्ता देता का?’, राउटर एक पत्ता सुचवतो, लॅपटॉप तो मागतो, राउटर मंजूर करतो. १९९३ पासून जगभर हेच चालू आहे.

आधी पत्ता बघा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग प्रॉपर्टीज उघडा. आयपीव्ही४ ॲड्रेस १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा पत्ता मिळालाय, अडचण पुढे कुठेतरी आहे. १६९.२५४ दिसला तर राउटरने उत्तरच दिलेलं नाही, लॅपटॉपने स्वतःच कामचलाऊ नंबर घेतलाय. त्यावर इंटरनेट चालत नाही.

चूक कुणाची?

घरातला फोन त्याच वायफायवर चालतोय म्हणून राउटर ठीक, असं समजू नका. फोनकडे आधीच मिळालेला पत्ता असू शकतो. त्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा.

हॉटस्पॉटवरही पत्ता नाही मिळाला, तर गडबड लॅपटॉपमध्ये:

१. वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा.
२. प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते बघा.
३. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ इंग्रजी अक्षरांत टाइप करा.
४. व्हीपीएन किंवा वेगळा अँटीव्हायरस असेल तर थोडा वेळ बंद करून बघा.
५. शेवटचा उपाय ‘नेटवर्क रिसेट’. सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड यात जातात, ते आधी लिहून ठेवा.

हॉटस्पॉटवर नेट सुरू झालं, तर संशय राउटरवर. तो अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा.

राउटरकडचे पत्ते संपले तर?

मुलुंडच्या एका अभ्यासिकेत मी हेच पाहिलं. सकाळी सगळं सुरळीत, दुपारी येणाऱ्या मुलांना नेट नाही. मुलं आपापल्या लॅपटॉपला दोष देत होती. राउटरमध्ये बघितलं, तर वाटायला फक्त ५० पत्ते आणि प्रत्येकाची मुदत २४ तास. सकाळची ३० मुलं फोन आणि लॅपटॉप घेऊन आली की ५० पत्ते संपले. मुलं घरी गेली तरी पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर अडकलेले! राउटर बंद-चालू केला की तात्पुरतं सुटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उपाय फुकटचा होता. डीएचसीपी सेटिंगमध्ये पत्त्यांची रेंज वाढवून २ ते २०० केली आणि मुदत, म्हणजे ‘लीज टाइम’, एक तासावर आणली. माणसं सतत बदलतात अशा ठिकाणी मुदत कमीच ठेवावी. घरी चार-पाच जणांत २४ तास चालून जातात.

राउटर तुमचा नसेल तर मालकाला नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘१६९.२५४ येतोय, हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो, डीएचसीपीची रेंज बघा’ एवढं सांगा. आणि फॉर्मची घाई असेल तर हॉटस्पॉटवर आधी तो भरून टाका, राउटरचं नंतर बघता येईल.