बीपी सारखं लो? दरवेळी ऊनच लागलेलं नसतं

नागपुरात मे महिन्यात कुणाला चक्कर आली की निदान घरातच होतं: ऊन लागलं. माझ्या मोठ्या मामांचंही तसंच झालं. पन्हं दिलं, कूलरसमोर पलंग टाकला, पण वरचं बीपी 90 च्या पुढे जाईना. वजन उतरत होतं, चेहरा काळवंडत होता आणि मामा लोणच्याचा खार नुसता चाटत होते. पाऊस सुरू झाला तरी फरक पडेना, तेव्हा एका डॉक्टरांनी कॉर्टिसोल तपासायला सांगितलं.

प्रत्येक किडनीवर एक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन किडनीला सांगतं, 'मीठ बाहेर टाकू नको.' मीठ टिकलं की पाणी टिकतं आणि पाणी टिकलं की बीपी. कॉर्टिसोल रक्तवाहिन्यांना आवळून राहायला मदत करतं.

मग बिघाड कुठे झाला? थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार मांडला, तेव्हा त्याचं मुख्य कारण टीबी होतं. भारतात आजही ते एक महत्त्वाचं कारण आहे. जंतू ग्रंथीत शिरले की रोगप्रतिकारक पेशी त्यांना घेरून गाठी करतात. या लढाईत ग्रंथीच मरत जाते. काहींमध्ये तर जंतूही नसतो. टी-पेशी स्वतःच्याच ग्रंथीला शत्रू समजतात. आमच्या भाषेत, फॉल्स पॉझिटिव्ह.

ग्रंथीचा सुमारे 90 टक्के भाग जाईपर्यंत लक्षणं सहसा दिसत नाहीत. मेंदूतली पिट्युटरी मात्र उत्तर न देणाऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवावी तशी एसीटीएच सोडत राहते. त्याच्या जास्तीमुळे त्वचा काळी पडते.

उलटंही घडतं. ग्रंथीतल्या मास्ट पेशी सेरोटोनिन सोडून अल्डोस्टेरॉन वाढवू शकतात. 2007 मध्ये अमेरिकेत टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना बीपी वाढवणारं हार्मोन दिलं, तर बीपी कमी चढलं. टी-पेशी परत दिल्यावर ते नेहमीसारखं चढलं.

मामांना टीबीच निघाला. आता टीबीच्या औषधांसोबत हार्मोनच्या गोळ्या सुरू आहेत. रिफॅम्पिसिन कॉर्टिसोल लवकर संपवतं, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवलाय. या गोळ्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

त्यामुळे लो बीपी, घटतं वजन, काळवंडणं आणि मिठाची ओढ एकत्र दिसली, तर पन्ह्यावर थांबू नका. डॉक्टरांना सोडियम, पोटॅशियम आणि सकाळच्या कॉर्टिसोलबद्दल विचारा.