उजेड जातो कुठे?

मर्क्युरी लॅम्प पूर्ण तापायला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात डोळे डार्करूमला सरावतात. टी.वाय.च्या मुलांना मी आधी प्रिझम लावायला लावते. टेलिस्कोप हळूहळू फिरवला की जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतच्या रेषा एकाच बाजूला ओळीने येतात. निळी आणि हिरवी यांच्यामधली ४९१.६ नॅनोमीटरची ती नाजूक निळसर हिरवीसुद्धा स्वच्छ दिसते.

मग तिथेच इंचाला १५,००० रेघांचं ग्रेटिंग बसवायचं. दिवा तोच, स्लिट तेवढीच. हिरवी रेषा साधारण १९ अंशांवर सापडते, हा पहिला क्रम. तीच पलीकडच्या बाजूलाही असते, ४० अंशांच्या आसपास पुन्हा दोन्हीकडे असते, आणि सरळ समोर लख्ख पांढरी स्लिट.

"मॅडम, ती निळसर हिरवी गेली कुठे?" परवा एकीने विचारलं. वर्षभरात एवढा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. प्रॅक्टिकलच्या वहीत आपण फक्त कोन लिहितो, उजेडाचा हिशेब कुणी मागत नाही.

मी फळ्यावर मांडला. रेघ आणि फट सारख्याच रुंदीची धरा. निम्मा उजेड रेघाच अडवतात. पाव हिस्सा रंग न फाकता सरळ निघून जातो. आपण बघतो त्या एका बाजूच्या पहिल्या क्रमाला जेमतेम १० टक्के उरतात. फ्लिंट काचेचा प्रिझम दोन्ही पृष्ठभागांवर थोडा उजेड परतवतो, पण ८० टक्क्यांहून जास्त पुढे सोडतो, तोही एकाच वर्णपटात. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशातल्या अतिशय क्षीण रेषांचे फोटो घेतले, ते हिल्गरच्या छोट्या क्वार्ट्झ स्पेक्ट्रोग्राफवर, म्हणजे प्रिझमवरच. तिथे उजेडाचा कण न् कण मोलाचा होता. म्हणून प्रिझमला कुणी जुनाट म्हटलं की मला वाईट वाटतं.

आता करवतीच्या दात्यांसारख्या तिरक्या रेघांचं, ब्लेझ केलेलं ग्रेटिंग मिळतं. ते बहुतेक उजेड एकाच क्रमात वळवतं, पण ठरावीक तरंगलांबीच्या आसपासच. त्यापासून दूर गेलं की उजेड घसरतो.

आमच्याकडे ते नाही. मुलीने स्लिटचा स्क्रू किंचित सैल केला. निळसर हिरवी अंधूक उमटली. "दिसली!" ती म्हणाली. मी म्हटलं, आता पिवळ्या बघ. ५७७ आणि ५७९ची जोडी ग्रेटिंगने प्रिझमच्या चौपट लांब केली होती. आता दोन्ही जाड होऊन एकमेकींना टेकल्या होत्या. तिने पुन्हा स्क्रूला हात घातला.