प्रवास हाच पहिला धडा

'प्रवास' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे या संस्कृत धातूपासून झाला आहे. 'प्र' हा उपसर्ग लागून त्याचा मूळ अर्थ घर सोडून दूर राहणे असा होतो. वर्गात हा शब्द आम्ही अनेक वर्षे फळ्यावर फोडून दाखविला. परंतु त्याचे मर्म आम्हांस उमगले ते निवृत्तीनंतर. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आष्टीची 23 मुलेमुली घेऊन वेरूळच्या एका उन्हाळी शिबिरास जाण्याचा योग आला, त्या वेळची ही हकीकत आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक पालक घरी आले. "गुरुजी, एवढ्या उन्हात पोरांना एस.टी.नं कशाला नेता? आमची गाडी घरचीच आहे. निदान आमच्या मुलाला तरी तिच्यातून पाठवतो." आम्ही भिडेस पडून होकार दिला. ती आमची चूक होती, हे पुढे कळून आले.

बसचा प्रवास आमच्या या भागात फार जुना नव्हे. निजामाच्या राज्यात 1932 साली सरकारी बससेवा निघाली, ती अवघ्या 27 गाड्यांनिशी. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हा आष्टी व परतूर अद्याप निजामी अमलाखालीच होते. मुक्तता झाली ती त्याच वर्षी 17 सप्टेंबर रोजी. आज 5 ते 12 वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट पडते, आणि मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांस निम्मे भाडे आहे. आमच्यातील तेरा वर्षांच्या दोन मुली केवळ या सवलतीमुळे येऊ शकल्या.

सकाळी 22 मुले गाडीत बसली. खिडकीवरून तंटा झाला. परतूर, मग वाटूर येईपर्यंत खिडकी पाळीपाळीने घ्यावयाची, हा नियम मुलांनी आपणच ठरविला. पुढे एका लहानग्यास गाडी लागली. ज्याच्याशी त्याचे भांडण जुंपले होते, त्याच मुलाने त्याचे डोके धरले. दुसऱ्याने मोसंबी सोलून साल हुंगावयास दिली. आम्ही मात्र काही न करता बसून होतो.

जालन्यास गाडी बदलावयाची होती. तेथे गर्दी फार. आमच्यातील एका चलाख मुलाने खिडकीतून रुमाल टाकून चार जागा धरल्या आणि विजयी मुद्रेने मित्रांस हाका मारल्या. शेजारी डोईवर गाठोडे घेतलेली एक वृद्धा उभी होती. आम्ही बोलावे की न बोलावे, या विचारात असतानाच आमच्यातील सर्वांत लहान मुलगी उठली व म्हणाली, "आजी, इथं बसा." रुमालवाल्याचा चेहरा उतरला. क्षणभराने तोही उठला आणि आपली जागा त्याने त्या लहान मुलीस दिली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील हा धडा आम्ही किती वेळा शिकविला असेल! परंतु तो असा उभ्या उभ्या वठलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

वेरूळास पोहोचलो तो दिवस कलला होता. मोटारीने आलेला मुलगा दुपारीच येऊन, स्वच्छ कपड्यांत, पायरीवर एकटा बसला होता. दुसऱ्या रात्री तो रडला. "घरी जायचं" म्हणू लागला. त्यास कोणी छळले नव्हते. मात्र इतर मुले रुमालाची, आजीची, ओकारीची गोष्ट पुनःपुन्हा सांगून हसत होती, आणि त्या हसण्यात त्यास जागा नव्हती. एका दिवसात त्यांचे एक घर बनले होते. हा पाहुणा राहिला.

उन्हाळी शिबिराचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात, त्या अमेरिकेतील फ्रेडरिक गन या शाळामास्तरांनी 1861 साली आपल्या विद्यार्थ्यांस सुमारे 40 मैल पायी चालवीत समुद्रकाठच्या तळावर नेले होते. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर सुमारे 20 मुलांचे शिबिर भरविले, त्यात श्रीमंतांच्या शाळांतील व कामकरी घरांतील मुले मुद्दाम एकत्र ठेविली होती. एकाने वाट सर्वांस सारखी चालावयास लाविली, दुसऱ्याने तळ सर्वांचा एक केला. घरची मोटार नेमके या दोहोंतून मुलास वगळते.

वाचकहो, आपल्या घरोघरी मुलांवर माया कमी नाही. ती काहीशी अधिकच आहे. ऊन लागू नये, धक्का बसू नये, परक्याशेजारी बसावे लागू नये, म्हणून आपण त्यांस जपतो. पाण्याची बाटली द्यावी, टोपी द्यावी, पोटात हलके अन्न असावे. एवढी काळजी रास्तच होय. परंतु त्यापुढे जाऊन आपण मुलास त्याच्या सोबत्यांपासून तोडीत तर नाही ना, हे पाहणेही आपलेच काम आहे.

परतीच्या दिवशी तीच मोटार पुन्हा दाराशी उभी राहिली. मुलाने वडिलांस फोन लावून काय सांगितले, हे आम्ही विचारले नाही. मोटार सर्वांची वळकटी-पेट्या घेऊन आष्टीस गेली. मुलगा आमच्याबरोबर एस.टी.त बसला, आणि वाटूर येईपर्यंत त्यास खिडकीची पाळी मिळाली नाही.