मुक्या जनावरांचा वैद्य कोण?

इ. स. १६९० मध्ये सुरतेस आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने तेथील जनावरांच्या धर्मार्थ रुग्णालयाचे वर्णन करून ठेवले आहे. भूतदयेची ही परंपरा थोर खरी. परंतु दया म्हणजे चिकित्सा नव्हे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या ३० व्या कलमान्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा असतो. लस टोचणे, खच्चीकरण, जखम बांधणे अशी किरकोळ कामे राज्य सरकारच्या आज्ञेने प्रशिक्षित साहाय्यकास करता येतात. तीही पशुवैद्याच्या देखरेखीखालीच.

म्हणजे हे कलम औषधाची जात विचारीत नाही. उपचारकाची पात्रता विचारते. झाडपाल्याशी त्याचे वैर नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांचा लेप प्रचारात आणला आहे. पण रोग ओळखण्यात चूक वा विलंब झाला, तर सड कायमचा निकामी होतो आणि सुरतेकडील गोपालकाची मिळकत आटते. जनावराला व्यथा सांगता येत नाही, तशी फसवणुकीची तक्रारही करता येत नाही. म्हणून लेप घरचा असला, तरी निदान मात्र जबाबदार वैद्याचेच हवे.