पालथे पडण्याचे वय

मूल साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथे पडू लागते, हे मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मातांना सांगत आले आहे. स्वतः मात्र चोपन्नाव्या वर्षी, गुलमर्गच्या बर्फात, पुन्हा पालथी पडायला शिकले. गतवर्षी माझ्या मनगटावरचे प्लॅस्टर पाहून येथील व्यवसायबंधूंनी जी विचारपूस केली, तिचे एकत्रित उत्तर म्हणून हा लेखप्रपंच.

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय आडवे जखडलेली एकच फळी. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे तयार केले. त्या घराण्यातला हा खेळ १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. बालरोगतज्ज्ञाला याचा थोडा अभिमान वाटल्यास क्षमा असावी.

पहिली पायरी जवळजवळ सपाट जागेवरची. केवळ पुढचा पाय बांधायचा, मागच्याने ढकलत सरकायचे आणि मुख्य म्हणजे पडायला शिकायचे. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापर्यंतच्या हातांवर भार घ्यावा; मागे पडताना हनुवटी छातीशी धरून बसते व्हावे, हात मागे टेकू नयेत.

दुसरी पायरी कडांची. फळी उताराला आडवी ठेवून डोंगराकडची कड बर्फात रुतवली की आपण थांबतो, किंचित सैल केली की हळूहळू घसरतो. टाचेकडची कड वापरताना तोंड दरीकडे असते, चवड्याकडची वापरताना डोंगराकडे. मग त्याच कडेवर भार डावी-उजवीकडे सरकवीत, गळणाऱ्या पानासारखे झोके घेत उतरायचे. या कसरतीला 'फॉलिंग लीफ' असेच नाव आहे. खरा धोका येथेच आहे. टाचेच्या कडेवर पान झालेला शिकाऊ माणूस बराचसा उतार उतरू शकतो आणि आपल्याला विद्या आली असे समजतो. चवड्याची कड तशीच राहते. कारण दरीकडे पाठ करणे मनाला मानवत नाही.

माझेही तेच झाले. "मॅडमजी, अभी नहीं," असे प्रशिक्षकाने सांगूनही तिसऱ्या दिवशी मी मुलाबरोबर गोंडोल्याने कोंगडोरीला गेले आणि पूर्ण वळण घ्यायला निघाले. वळताना एक क्षण फळीचे तोंड सरळ उताराकडे होते. त्या क्षणी भार पुढच्या पायावर हवा, नजर वळणाच्या दिशेला हवी आणि पुढची कड तयार हवी. मी घाबरून मागे रेलले, खालच्या बाजूची कड बर्फात अडकली आणि काही कळण्यापूर्वी मी मागे टेकलेल्या हातावर आदळले. रेडियसच्या खालच्या टोकाचे फ्रॅक्चर! "आई, हात मागे टेकू नकोस म्हणून मीच सांगितले होते ना?" हे चिरंजीवांचे बोल प्लॅस्टरपेक्षा जड वाटले.

वळणे सलग जोडता आली की तिसरी पायरी झाली. फळी न घसटता केवळ कडेवर कोरीव रेघ ओढणे ही चौथी. उड्या आणि अफरवटच्या मोकळ्या उतारावरचा भुसभुशीत बर्फ त्यापुढचा. तेथे हिमस्खलनाचे ज्ञान, शोधयंत्र, फावडे आणि जाणता सोबती हवाच.

सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. नवशिक्यांत मनगटाची इजा फार आढळते आणि मनगटरक्षकाने ती कमी होते; हेल्मेट तर हवेच. मुलाच्या मनगटात वाढपट्टीवर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे निर्दोष दिसला तरी निश्चिंत राहू नये. स्नोबोर्डवरून पडून घोट्याची बाहेरची बाजू सुजली, तर नुसती मुरगळ न समजता टॅलसच्या लॅटरल प्रोसेसचा विचार करावा. साध्या एक्स-रेत ते फ्रॅक्चर निसटते, सीटी करावा लागतो.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा गेले. दोन दिवस केवळ चवड्याच्या कडेवर, दरीकडे पाठ करून घालवले. तिसऱ्या दिवशी सलग चार वळणे साधली. पाचव्याला पालथी पडले, पण मुठी मिटलेल्या होत्या.